गडग्याचं गाऱ्हाणं

आमच्या ग्रामपंचायतीने गावाचा विकास आराखडा करायला समिती नेमली, तेव्हा तिचा अध्यक्ष मीच होणार हे मला सोडून कोणालाही माहीत नव्हतं. मुंबईत सरकारी कचेरीत उभी हयात काढून मी गावी परतलो होतो, समुद्राकडच्या घरात पर्यटकांसाठी चार खोल्या काढल्या होत्या आणि माझ्याकडे लॅपटॉप होता. एवढ्या पात्रतेवर माणसं आमदारकीला उभी राहतात.

आराखड्याचं नाव मी ठेवलं, ‘निरोगी, जोडलेलं आणि सर्वांचं गाव’. त्यात खुली व्यायामशाळा होती, सायकलची वाट होती, म्हाताऱ्या माणसांसाठी विरंगुळा कट्टा होता. समुद्राकडच्या वाडीतून आरोग्य उपकेंद्रापर्यंत चाकाची खुर्चीही जाईल अशी पायवाट मी नकाशावर हिरव्या रंगाने काढली होती. ती माझ्या घराजवळ आली की पोट काढून लांबून वळायची. ग्रामसेवकांनी विचारलं, "भाऊ, इथे वाट सरळ का नाही?" मी सांगितलं, भौगोलिक परिस्थिती.

ही भौगोलिक परिस्थिती म्हणजे मी गेल्या दिवाळीआधी घातलेला चिऱ्यांचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण. वाडीची जुनी वाट माझ्या खळ्यातून, म्हणजे घरापुढच्या अंगणातून जायची. आमच्याकडे वाट कोणाच्याही खळ्यातून जाते, त्यात कोणाला काही वाटत नाही. पण पुण्याच्या एका पाहुण्याने लिहिलं की सकाळी चहा पिताना समोरून माणसं, म्हशी आणि माशांच्या टोपल्या जातात. मी ते फारच मनाला लावून घेतलं. किशोरी, म्हणजे माझी बायको, म्हणाली की वाट बंद करू नका. तिला पर्यटनातलं काय कळतं, असं मी तेव्हा म्हणालो होतो.

गडग्यापलीकडे तुळसाकाकीचं घर. ती न्हाणीघरात पडली, खुबा मोडला, आणि तेव्हापासून चाकाच्या खुर्चीत असते. रस्त्याला यायचं तर आता तिला पुळणीवरून वळसा, आणि वाळूत खुर्चीची चाकं रुततात. डॉक्टरांनी उपकेंद्रात येऊन व्यायाम करायला सांगितला होता. नाही केला तर पाय कायमचा जाईल, असंही सांगितलं होतं. काकी घरातच बसून होती. मला हे ठाऊक होतं. म्हणूनच तर विरंगुळा कट्ट्याला तिचं नाव सुचवायचं माझ्या मनात होतं.

आराखडा मंजूर करायची ग्रामसभा रवळनाथाच्या सभामंडपात भरली. आमच्या गावात सभेआधी नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने बोलायचं आणि गावाने दर वाक्याला होकार भरायचा. गाऱ्हाण्यात गेलेला शब्द परत घेता येत नाही; आमच्याकडे कागदावरची सही फिरते, हा शब्द फिरत नाही. हा मान लवू गावकाराचा, पण त्या दिवशी त्याचा घसा बसलेला. मी भावकीतलाच, त्याने मला खूण केली. खरं सांगायचं तर त्याने नुसतं माझ्याकडे पाहिलं होतं.

सुरुवात ठीक झाली. पण लोक मोठ्याने होकार देऊ लागले आणि मला चेव चढला. उभ्या नोकरीत माझ्या वाक्याला इतक्या माणसांनी एकदम हो म्हटलं नव्हतं.

"बा रवळनाथा म्हाराजा, ज्या कोणाक चलूक जमणा नाय, तेच्या वाटेत जी काय आडकाठी आसात ती मोडून काड रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

इथे थांबलो असतो तर निभावलं असतं.

"आणि ज्या कोणी ती घातली आसात, तेच्याच हातान ती काडून घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," गाव गरजलं. मी डोळे उघडले तर सगळे माझ्याकडेच बघत होते. किशोरी तेवढी देवाकडे बघत होती, आणि मनापासून हात जोडून होती.

तुळसाकाकीची सून नम्रता बायकांच्या रांगेतून उठली.

"काकानू, गडगो कधी काडतल्यात?"

आवाजात राग नव्हता. मी नियम सांगून पाहिला, की हा विषय आजच्या सभेत नाही. ग्रामसेवक नको तितक्या नम्रपणे म्हणाले की देवासमोर झालेल्या ठरावावर त्यांना शेरा मारता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहार घेतली. गवंडी बोलवायची सोय नव्हती, ‘तेच्याच हातान’ हे माझेच शब्द. सगळी वाडी बघायला आली. मदत कोणी करेना, सूचना मात्र सगळ्यांच्या. खुर्ची जाईल एवढी फट पडेपर्यंत माझे तळहात सोलून निघाले. वर उतार करायला मातीही मीच ओतली. पाहुण्यांनी चहा पिता पिता माझे फोटो काढले.

मग नम्रता खुर्ची ढकलत आली. मी घाम पुसून सरळ उभा राहिलो. काकी आभार मानणार, मग आपण "त्यात काय एवढं" म्हणायचं, हे मनात ठरवून ठेवलं होतं. काकी खळ्याच्या मध्यावर थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, किशोरीचा हात धरला आणि हळू आवाजात म्हणाली,

"माका वाटला, आमचा कायतरी चुकला गो. घरात बसान खूप आठवून बघितलंय, पण काय चुकला ता गावला नाय."

किशोरीने तोंड फिरवलं. मला खूप लाज वाटली, आणि ह्या वेळी ती लोकांची नव्हती.

"काकी, तुमचा काय एक चुकला नाय," मी म्हटलं.

तिने होकाराची मान डोलावली, पण ती मला बरं वाटावं म्हणून.