हवेतलं पानी

तुमीच सांगा, हवेत पानी येतं कुठनं? बहात्तरच्या दुष्काळातला चैत. आडात बादली सोडली तर दगड वाजायचा. अन् भिंगारच्या ज्या शेडात मी झाडलोट करायची, तिथं श्वासाच्या टाक्यांत हवा भरायच्या कॉम्प्रेसरच्या बुडाशी कॉक हुता, तोटीसारका. कॉम्प्रेसर चालवनारा आसाराम दर दहा मिनिटाला तो उघडायचा, फुस्स व्हायचं अन् घोटभर पानी भुईवर! माझा जीव तुटायचा.

"मेल्या, पानी सांडतोस?"

"झुंबरमावशी, हवा दाबली की ते पिळून निघतं. टाकीत गेलं तर हवा सुटताना गार होऊन तोंडाशी बर्फ धरतं, अन् विहिरीत उतरलेल्याचा श्वास अडतो."

बर्फ! चैताच्या उन्हात! म्हणलं, मला येडी समजून खेळवतोय.

त्या टाक्या पाठीला बांधून सहादेव विहिरीत उतरायचा, सुरुंगाच्या धुरात बेसुद पडलेली मानसं काढायला. एक मानूस वर काढायला एक टाकी सरायची.

त्या दिवशी एक टाकी भरली, दुसरी भरायला लावली अन् आसारामला साहेबानं बोलावलं. "मावशी, कॉक तेवढा उघडत राहा." मी व्हय म्हणले अन् उघडलाच न्हाई. घोट घोट कशाला सांडायचं? आमी झिऱ्याकाठी बसतो तसं साठू द्यावं, मग एकदम बादलीत घ्यावं. भांडी तरी निघतील.

दुसरी टाकी भरली तवर जीप दारात. पारनेरकडं विहीर खोल करताना सुरुंगाच्या धुरात दोघं पडले हुते. सहादेवनं दोन्ही टाक्या उचलल्या.

बोलू का नको? आसारामची थाप असली तर हात दाखवून अवलक्षण, अन् काम जाईल ते येगळंच. पर तोंडातनं निघूनच गेलं, "सहादेवा, ती दुसरी नको नेऊ. मी कॉक उघडला न्हाई."

त्यानं टाकी उलटी धरून तोंड जरा सैल केलं. हवेसंगं पानी उडालं. नवी भरायला तास लागला असता. तो एकच टाकी घेऊन गेला.

दोघांतल्या सूर्यभानला जिता काढला. तवर टाकीतली हवा सरली. टाकी पुन्ना भरून आनून गहिनीनाथला काढायला सांज झाली, तो गार पडला हुता.

साहेब म्हणले, "खरं बोललीस, सहादेव वाचला." वाचला का? का ती टाकी चालली असती? कोन सांगनार? माझं डोकं चालत न्हाई बगा.

दहाव्याला गेले. गहिनीनाथची बायको लंकाबाई. तिनं माझ्यापुढं तांब्या ठेवला अन् विचारलं, "मावशी, तुमी त्या शेडातल्या ना? दुसरी टाकी का न्हाई आनली वो त्यांनी?"

मी म्हणले, "बाई, माझ्यामुळं तिच्यात पानी गेलं हुतं."

"पानी?" ती माझ्याकडं बघतच राह्यली. "पान्यापायीच तर उतरले हुते वो ते."