पोहण्याचा अर्ज

पोरी अंगात काय घालणार, हा मुख्याध्यापिकांचा पहिलाच प्रश्न होता. भामा तयारीनं आली होती. तिनं पिशवीतून काळा पोशाख काढून टेबलावर पसरला, मनगटापर्यंत बाह्या आणि घोट्यापर्यंत पाय असलेला. शाळेच्या समितीतल्या डॉक्टरांनी कापड चिमटीत धरून पाहिलं आणि मान डोलावली.

तंजावरच्या त्या मुलींच्या हायस्कुलात भामा चोवीस वर्षं पीटी टीचर होती. तिच्या थ्रोबॉलच्या पोरींनी जिंकलेले कप समितीच्या याच खोलीत मांडलेले होते. पण गेली दोन वर्षं ती एकच अर्ज घेऊन येत होती, शाळेनं पोहण्याचा संघ काढावा म्हणून. हे तिसरं वर्ष. तमिळमध्ये पाठ करून आणलेलं सगळं तिनं सांगितलं. स्टेडियमचा तलाव सकाळी सहा ते आठ रिकामाच असतो. आसपासच्या एकाही मुलींच्या शाळेचा संघ नाही. पुढं कॉलेजात खेळाडूंच्या राखीव जागा मिळतात. पालकांशी ती स्वतः घरोघर जाऊन बोलेल.

सेक्रेटरी बाळकृष्णराव तिच्यासारखेच मराठी घरातले, सत्तरी ओलांडलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाले, अकरा वर्षं या शाळेनं मुलींना पाण्याजवळ नेलेलं नाही, नेऊ नये हेच बरं. बोलताना त्यांची नजर कोपऱ्यात गेली. मग सगळ्यांचीच गेली. तिथं शाळेची कारकून संगीता, तीही मराठी घरातलीच, सभेचं इतिवृत्त लिहीत बसली होती. अकरा वर्षांपूर्वी नदीत गेली ती तिचीच मुलगी होती.

हरिणी नववीत होती. तमिळ आडी महिन्याची अठरावी तारीख, कावेरीचं चढलेलं पाणी पूजायचा दिवस. शाळेच्या चाळीस मुलींना घेऊन भामा तिरुवैयारुच्या घाटावर गेली होती. धरणातून पाणी सोडलेलं, नदी काठोकाठ. पूजा झाली, मुली वरच्या पायऱ्यांवर चित्रान्न खायला बसल्या. हरिणीची फुलांची परडी तेवढी पाण्यात सोडायची राहिली होती. ती खाली उतरली आणि शेवाळावरून घसरली. पुढं काय झालं ते शाळेच्या अहवालात एका ओळीत होतं, कोणी पोहोचण्याआधीच प्रवाहानं तिला ओढून नेलं.

भामाला कोणीच दोष दिला नाही. उलट तेराव्यानंतर कामावर आलेल्या संगीतानंच तिला जवळ घेतलं होतं. तू तरी काय करणार होतीस गं, म्हणाली होती. तेव्हापासून रोज अकराच्या सुट्टीत संगीता आपल्या फ्लास्कमधली अर्धी काफी भामाला देई. भामा ती प्यायची. अकरा वर्षं प्यायली.

गावातल्या कावेरीच्या कालव्याला नवी नदी म्हणतात, तिच्या पुलावरून भामा कधी जात नसे, लांबचा रस्ता घेई. नळाखाली बादली भरू लागली की ती न्हाणीघरातून बाहेर येऊन उभी राही. दरवर्षी जूनमध्ये नववीच्या मुली उंचीप्रमाणे रांगेत उभ्या करताना दुसऱ्या ओळीत एका मुलीपुरती जागा तिच्याकडून मोकळी सुटे. मुलींना ते ठाऊक होतं. त्या गपचूप ती जागा तशीच ठेवत.

आणि आता बाळकृष्णराव कागद मिटत होते. पुढच्या वर्षी बघू, असं त्यांच्या तोंडून निघणार तोच भामा उठून उभी राहिली. बोलायचं ठरवून आली नव्हती ती. तमिळ शब्दच सुचेनात. ती कोपऱ्याकडे वळली आणि घरी बोलतात त्या मराठीत म्हणाली,

"संगीता, मी पोचलें होतें हरिणीपाशी. हात सुटला नाही. मी सोडला. मी खालच्या पायरीवर उतरून तिचं मनगट धरलं होतं. माझाही पाय गेला. भ्यालें मी, आणि सोडला. ती माझ्याकडंच बघत होती."

मुख्याध्यापिका कुंभकोणमच्या, त्यांना मराठीचा एक शब्द कळत नव्हता, डॉक्टरांनाही नाही. टीचर काय म्हणाल्या, असं त्यांनी विचारलं. बाळकृष्णरावांनी चष्मा काढला आणि ते टेबलाकडे बघत राहिले. मुख्याध्यापिकांनी मग संगीताला विचारलं.

संगीताचं पेन कागदावर टेकलेलं होतं, तिथं शाईचा ठिपका मोठा होत होता. तिनं पेन उचललं.

"पोहायला दोघींनाही येत नव्हतं, असं म्हणतायत," ती तमिळमध्ये म्हणाली. "शाळेत एकीला तरी यायला हवं होतं."

आणि तेवढंच तिनं लिहिलं.

डॉक्टर म्हणाले, यात खोटं काय आहे? बाळकृष्णरावांनी कोणाकडेही न बघता सही केली. बारा मुली, एक वर्ष, आणि अट एक, टीचरांनी आधी स्वतः पोहायला शिकायचं.

संध्याकाळी भामा ऑफिसच्या दाराशी थांबली. संगीता कपाटाला कुलूप लावत होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

"त्यांना सांगितलं नाही, ते तुझ्यासाठी नव्हे," ती म्हणाली. "इतकी वर्षं मला वाटत होतं, माझी पोर एकटी गेली. कोण्णी हात लावला नाही तिला. आता कळलं, कोणीतरी धरलं होतं. त्याचं मी काय करू?"

दुसऱ्या दिवशी अकरा वाजले, फ्लास्क आला नाही. त्यानंतर कधीच आला नाही.

एकोणपन्नासाव्या वर्षी भामा स्टेडियमच्या तलावात उतरली. पहिला आठवडा ती कमरेइतक्या पाण्यात कठडा धरून उभी होती, आणि बाहेर मैदानावर धावायला आलेली शाळकरी पोरं तिला हसत होती. ज्या सकाळी तिनं पहिल्यांदा डोकं पाण्याखाली घातलं, त्या सकाळी डोळे उघडायचं धैर्य होईना. हरिणी दिसेल असं तिला खरंच वाटत होतं. शेवटी उघडले. तळाच्या निळ्या फरशा दिसल्या, एक फुटलेली. बाकी काही नाही. वर येऊन ती कितीतरी वेळ खोकत राहिली, आणि शिकवणाऱ्या बाईंना वाटलं नाकात पाणी गेलं असेल.

चार महिन्यांत ती तलावाची एक लांबी पोहू लागली. मग मुली आल्या. पालक आधी आठजणींचेच तयार झाले.

जानेवारीत तिरुच्चीला स्पर्धा झाल्या. भामाच्या पोरी सगळ्या शर्यतींत शेवटच्या आल्या. सगळ्यांत लहान वाणी, नववीतली, इतर मुली अंग पुसून बसल्या तरी अजून पोहतच होती. ती काठाला लागली तेव्हा अख्ख्या गॅलरीनं टाळ्या वाजवल्या, आणि ती बिचारी आपण जिंकलो की काय म्हणून इकडंतिकडं बघू लागली.

व्हॅन शाळेपाशी परतली तेव्हा सहा वाजून गेले होते. पाचला घरी जाणारी संगीता फाटकाशी उभी होती. भामा आधी उतरली आणि दाराशी थांबली. मुली एकेक करून खाली आल्या. संगीता प्रत्येकीच्या तोंडाकडे बघत होती. वाणी शेवटी उतरली, वेणी अजून ओली, पाठीवरचा कपडा भिजलेला.

संगीतानं तिच्या खांद्यावरचा टॉवेल घेतला, वेणी सोडली आणि केस पुसायला लागली. टाळूपासून टोकापर्यंत, पुन्हा टाळूपासून. वाणी गोंधळून भामा टीचरकडे बघू लागली. उभी राहा, असं भामानं तिला नुसत्या हातानं खुणावलं. बाकीच्या मुली घरी गेल्या, ड्रायव्हरनं व्हॅन आत नेऊन लावली, तरी संगीता पुसतच होती.