पोपटी कोट

माझी ताई अडतीस वर्षांची. तिला बौद्धिक अपंगत्व आहे. गोष्टी उमजायला वेळ लागतो, पण एकदा उमजल्या की पक्क्या. तिचे कपडे आजवर आईच आणायची: मातकट रंगाचे, नाडीचे, दोन मापं मोठे. कुणाची नजर जाऊ नये, एवढंच आईला हवं असायचं.

यंदा ताईला साबणाच्या कारखान्यात पॅकिंगचं काम लागलं. कामाचे कपडे मीच निवडणार, असं तिने जाहीर केलं. दुकानात शिरताच तिने पोपटी कोट उचलला. लांबलचक, सहा मोठ्ठ्या बटणांचा.

आईचा चेहरा पडला. "अगं, सगळे बघत बसतील."

"बसू देत की," ताई म्हणाली. "त्यासाठीच घेतेय."

ट्रायल रूम एकच. ताईला बटणं लावायला वेळ लागतो आणि मदत केलेली खपत नाही. बाहेर बायकांची रांग वाढली, आई एकेकीची माफी मागत सुटली. पंधरा मिनिटांनी ताई बाहेर आली आणि आरशासमोर तिने अशी गिरकी घेतली, की कोटाच्या फटकाऱ्याने शेजारच्या पुतळ्याची टोपी उडाली.

रांगेतल्या पहिल्या बाईंना हसू आवरेना. मग त्या आत जाऊन जांभळा ड्रेस घालून आल्या आणि आम्हाला नाही, थेट ताईलाच विचारलं, "मला कसा दिसतो?"

ताईने मागून पुढून पाहिलं. "वांगं."

आईने डोळेच मिटले. बाई आरशाकडे वळल्या आणि हसता हसता स्टुलावर बसल्या. घरात हे कुणी सांगितलं नसतं, म्हणाल्या.

मग काय, ताईचा निकाल घेतल्याशिवाय कुणी हलेना. हा घे. हा नको. हा तुझा नाहीच. दुकानातल्या मुलीनेही हळूच आपल्या गणवेशाबद्दल विचारून घेतलं. ताईने नुसतं नाक मुरडलं.

आई कुठे गेली म्हणून बघते तर रांगेत उभी, हातात केशरी कुर्ता. ती लाजत बाहेर आली तेव्हा ताईने बराच वेळ न्याहाळलं. "हाच घालून चल," ती म्हणाली.

परतताना त्या दोघी हातात हात घालून पुढे, मी जुन्या कपड्यांच्या पिशव्या घेऊन मागे. सिग्नलला थांबलेल्या एका गृहस्थांना ताईने न विचारताच सांगून टाकलं, शर्ट झकास आहे, पॅन्ट तेवढी बदला. ते वाकून स्वतःच्या पॅन्टकडे बघायला लागले आणि माझी आई भर रस्त्यात पोट धरधरून हसली.