बटनांवरचे डाग

शालिग्रामने लोखंडी सळई दुसऱ्यांदा हाणली आणि भटूच्या खांद्यातून काटकी मोडल्यासारखा आवाज आला. भटू सरकीच्या ढिगावर कोसळला. मागे गठाण दाबायच्या प्रेसमधून अजून रक्त ठिबकत होतं. जेवणाच्या सुट्टीत शालिग्रामचा धाकटा भाऊ अभिमन अडकलेली पट्टी काढायला आत वाकला होता, तेवढ्यात प्रेस सुरू झाला. हात कोपरापासून गेला. ट्रॅक्टर त्याला घेऊन नुकताच जळगावकडे निघाला होता. शालिग्राम सोबत गेला नाही.

"सांग! तुनाशिवाय नंबर कोणले ठाऊक शे?"

धरणगावच्या कापसाच्या जिनिंगमध्ये यंदा आलेलं प्रेसचं हे कॉम्प्युटरचं पॅनेल चार आकडे दाबल्याशिवाय चालत नसे. मालकाने ते प्रेस चालवणाऱ्या एकट्या भटूला सांगितले होते.

"मी बंद करीसन पाणी पेवाले गयथू, भाऊ…"

तिसरा घाव जबड्यावर बसला. भटूच्या तोंडून शब्दाऐवजी रक्त आलं. बाहेर गठाणी न्यायला आलेला ट्रकवाला सुट्टी लागल्यापासून हॉर्न देत होता, तो अजून देतच होता.

"मारी टाक त्याले," गर्दीतून कोणी ओरडलं.

"नंबर माले बी ठाऊक शे," द्रौपदाबाई म्हणाली. ती तिथे झाडायची.

"अक्का, तुले सही करता येस नही," सुपडू हमाल हसला. "नंबर कथाईन उना?"

"तुन्यासारखं वाचता येस नही, म्हणीसन डाग देखस."

ती पॅनेलपाशी गेली. भटूची बोटं नेहमी ग्रीसने भरलेली. दहा बटनांतली चारच मळली होती. पहिल्यावर जाड डाग, पुढे पुसट होत चौथ्यावर नावापुरता. त्याच क्रमाने तिने चारही दाबली. दिवा लागला, रिकामा प्रेस घरघरत खाली आला. गर्दीतले दोघे मागे सरकले. तिने लाल बटन दाबून तो थांबवला.

मग ती आपल्या बोटाकडे बघत राहिली. बोट नाकाशी नेलं.

"सकायले ह्या डाग नुसता काया ग्रीसना व्हतात," ती हळू म्हणाली. "आते वर लाल तेल शे. रगत नही. शेवभाजीना रस्सा शे."

भिंतीशी एकच डबा उघडा होता. त्यात शेवभाजी, वर अर्धी मोडलेली भाकरी.

शालिग्रामने सळई खाली ठेवली आणि उजव्या हाताची तेलकट बोटं सदऱ्याला पुसू लागला.