कोरडे लंगोट

या पाळणाघरात मला सव्वीस वर्षं झाली. खालची खोली माझी. खालची म्हणजे ज्यांना अजून सांगता येत नाही त्यांची. ज्यांना सांगता येतं ती पोरं वर जातात. वर त्यांना बुटकी टेबलं, रंगीत खडू आणि गोड बोलणाऱ्या दोन ताई मिळतात. जिन्याच्या मध्यावर एक लाकडी फाटक आहे, ते ओलांडलं की पोर पुन्हा खाली यायचं नाही. मॅडमचा नियम आहे तसा, आणि मॅडमच्या नियमापुढे कोणाचं काही चालत नाही.

सगळे मला मावशी म्हणतात. मागून काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे, कारण माझं तोंड जरा वाजतंच. पण डायपर बदलण्यात माझा हात धरणारं इथे कोणी नाही. नवीन आया आली की नाकाला पदर लावते, आणि मी म्हणते, बाई गं, वास येणारच, अत्तराच्या दुकानात का नाही गेलीस?

मुंगी आली तेव्हा जेमतेम दोन महिन्यांची होती. खरं नाव मोठं छान आहे, पण एवढ्याशा जिवाला ते पेलवेना, म्हणून मीच तिला मुंगी केलं. महिनाभर आधीच जन्मली होती. सगळ्यात लहान मापाचं डायपरसुद्धा तिच्या बेंबीवर चढायचं, मी त्याची कड दोनदा दुमडायचे. तिची आई चष्म्याच्या दुकानात कामाला. रजा संपलेली, नवरा फिरतीवर. पहिल्या दिवशी तिने माझ्यासमोर डायपर बदललं, तर कोंबडी उचलावी तशी पोरीचे दोन्ही पाय धरून उचलले.

"अहो, बाजारात आलात का?" मी म्हटलं. "दोन्ही घोट्यांच्या मध्ये आपलं एक बोट ठेवायचं. हाडावर हाड घासत नाही. आणि पुसायचं पुढून मागे. मुलीचं कायम पुढून मागे."

तिचे डोळे भरले. "मला काहीच येत नाही हो मावशी."

"कोणालाच येत नसतं. मला तरी कुठे आलं होतं?"

हे मी खरं तेच बोलले. माझी मुलगी तीन महिन्यांची असताना मी या नोकरीला लागले. दिवसभर इथे दुसऱ्यांची पोरं कोरडी करायची, आणि माझी पोर घरी सासूबाईंच्या हाती. तेव्हा डायपर कुठली? सुती कापडाचे लंगोट. जुन्या चादरी फाडून सासूबाईंनीच शिवलेले. संध्याकाळी घरी गेले की दोरीवर वीस-पंचवीस लंगोट वाळत असायचे. त्या दोरीकडे बघून मला कळायचं की आज माझ्या मुलीचा दिवस कसा गेला. पोट बिघडलं असेल तर दोरी भरलेली. बाकी तिचं पहिलं पालथं होणं, पहिला दात, पहिलं पाऊल, सगळं मला सासूबाईंच्या तोंडून ऐकायला मिळालं. त्या फटकळ. 'आज चालली पोरगी' एवढं सांगायच्या आणि भांडी घासायला बसायच्या. माझ्या काळजाचं काय होतं, याची त्यांना जाणीवही नसायची, असं मला वाटायचं.

एकच गोष्ट माझ्या वाट्याला आली. दोन वर्षांची असताना एका रविवारी मुलगी माझ्या मांडीवर चढली, माझ्या कानाची पाळी धरून तोंड जवळ आणलं आणि कानात म्हणाली, "शू." मी तिला उचलून धावत सुटले. लंगोट कोरडा ठणठणीत होता! मी बाहेर येऊन ओरडले, "आई, सांगितलं हो हिने! मला सांगितलं! पहिल्यांदा!" सासूबाई घड्या घालत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "हो गं. पहिल्यांदाच." मला त्यांचा असा राग आला! सुनेचं एवढं सुख, जरा हसल्या असत्या तर काय बिघडलं असतं? आधीच आदल्या बुधवारपासून माझं त्यांच्याशी बिनसलं होतं. दोरीवर दोन-तीनच लंगोट दिसायचे, आणि मी त्यांना तोंडावर म्हटलं होतं, पोरीला ओल्यात ठेवता का दिवसभर? त्यावर त्या काही बोलल्या नव्हत्या.

असो. मुंगीचं सांगत होते.

चौथ्या महिन्यात ती पाय झाडायला लागली. डायपर सोडलं की पोटाला हवा लागायची आणि ती खुदकन हसायची. सहाव्या महिन्यात पालथी. मी एका हाताने तिला सुलटी करायचे, तोवर ती दुसऱ्या बाजूने पालथी. मग तिच्या हातात डब्याचं निळं झाकण द्यायचा शोध लागला. झाकण चघळायला मिळालं की बाईसाहेब दीड मिनिट गप्प. दहाव्या महिन्यात अर्धवट चिकटवलेलं डायपर घेऊन रांगत पळायची, मी मागून गुडघ्यांवर. माझे गुडघे तेव्हाच कामातून गेले. वर्षाची झाल्यावर आडवी व्हायला तयार नाही, उभ्यानेच बदला म्हणायची. दीड वर्षाची असताना पडद्यामागे जाऊन उभी राहायची, तोंड लालबुंद, आणि मी दिसले की हात हलवून हुकूम सोडायची, "जा!" दोन वर्षांची झाली तशी स्वतःच टोपलीतून डायपर आणायची, गादीवर आडवी पडायची, पाय वर करायची आणि म्हणायची, "चला मावशी." जसं काही मीच उशीर करत होते.

आणि एका मंगळवारी दुपारी ती माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "मावशी, शू."

डायपर कोरडं होतं. तिला लहान सीटवर बसवलं. झालं. टाळ्या वाजवायच्या, वहीत लिहायचं, मॅडमना सांगायचं, आठ दिवसांनी पोर वर. सव्वीस वर्षं हेच करत आले. पण त्या दिवशी माझा हात वहीकडे जाईना. माझी मुलगी आता दूरच्या शहरात, फोनवर दोन मिनिटं बोलते, तीही घाईत. घरात मी एकटी. सकाळी उठायला कारण काय, तर ही पोर. मी तिला परत डायपर घातलं आणि म्हटलं, "मुंगे, हे आपलं गुपित. कोणाला सांगायचं नाही. शू आली की फक्त मावशीच्या कानात."

कानाची युक्ती माझ्या मुलीचीच. दुसरं काही सुचलंच नाही. मुंगीला ती एवढी आवडली की विचारू नका. माझा कान धरायची, कुजबुजायची, आणि आम्ही दोघी चोरासारख्या जायचो. वहीत मी लिहायचे, डायपर चार वेळा बदललं. असे तीन आठवडे गेले.

मला एक गोष्ट कळली नव्हती. पोराने गुपित पाळलं तर ते सगळ्यांपासूनच पाळतं. घरीही.

चौथ्या सोमवारी तिची आई संध्याकाळी आली ती जिन्याच्या पायरीवर बसलीच. दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे बसवून थकलेली.

"मावशी, हिच्यात काही कमी असेल का हो?"

"काय बोलता!"

"अडीच वर्षांची होईल. मी घरी रोज बसवते. सुट्टीच्या दिवशी तर तासातासाला. विचारलं की तोंड घट्ट मिटून घेते आणि मान हलवते. मग डायपरमध्येच. काल मी तिच्यावर ओरडले. ती घाबरली हो मला." तिने चष्मा काढून पुसला. "शनिवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. मलाच वाटतं, मी तिच्याजवळ नसते ना, म्हणून ती मला सांगत नाही."

माझ्या तोंडात कोणी मारल्यासारखं झालं. हे वाक्य मी स्वतः कितीदा मनात म्हटलं होतं, याच जिन्यापाशी घरी जायला चपला घालताना! जे सुख माझ्या वाट्याला एकदाच आलं, तेवढंही मी या बाईच्या हातून काढून घेतलं होतं. वर तिच्या पोरीला तिच्यापुढे तोंड मिटायला शिकवलं होतं.

खरं सांगून टाकावं असं मनात आलं. नोकरी गेली असती तरी चाललं असतं. पण सांगून तिला काय मिळालं असतं? तिला कळलं असतं की पोर तीन आठवड्यांपासून सांगते आहे, फक्त तिला नाही. ती गोष्ट जन्मभर टोचत राहिली असती.

"डॉक्टर राहू द्या," मी म्हटलं. "मला शनिवारपर्यंत वेळ द्या. घरी तिला चड्डीच घाला. आणि ती कानाशी आली तर कान पुढे करा, एवढंच."

"कान?"

"पोरांचं काही सांगता येत नाही," मी म्हटलं आणि टोपली आवरायला वळले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुंगीने माझा कान धरला. मी तिला मांडीवर घेतलं. "मुंगे, मावशीचा कान आता म्हातारा झाला. ऐकू येत नाही. आता आईच्या कानात सांगायचं. आईचा कान छान आहे."

"मावशीच्या नाय?"

"आधी आईच्या. गुपित आता आईचं."

तिने माझ्या कानात मोठ्याने ओरडून बघितलं, "शू!" मी ऐकू न आल्यासारखं केलं. या वयात एवढं अवघड काम मला कोणी सांगितलं नव्हतं. शेवटी ती रडकुंडीला आली, तेव्हा मी तिला उचलून नेलं. सीटवर बसवलं आणि तोंड फिरवून उभी राहिले. बुधवारी तेच, गुरुवारी तेच.

शुक्रवारी सकाळी तिची आई धावतच आली. केस विस्कटलेले, पर्स उघडी.

"मावशी! काल रात्री जेवताना! माझ्या मांडीवर चढली, माझा कान धरला आणि कानात म्हणाली, शू! चड्डी कोरडी होती! मला सांगितलं हो, मला! तुम्ही म्हणाला होतात तसंच! पण कानात सांगायचं कुठून शिकली कोण जाणे!" ती हसत होती आणि रडतही होती. "पहिल्यांदा सांगितलं ना हिने? इथे कधी नाही ना?"

मी घड्या घालत होते. दुपट्याची घडी हातात होती. मान वर केली असती तर माझ्या तोंडावर सगळं दिसलं असतं. मान वर न करताच मी म्हटलं, "हो गं. पहिल्यांदाच."

आणि माझे हात तिथेच थांबले.

हेच शब्द. हीच खाली घातलेली मान. कानात सांगायचं माझी मुलगी तरी कुठून शिकली होती? दोन वर्षांचं पोर आपल्या मनाने आईचा कान धरतं होय? बुधवारपासून दोरीवर दोन-तीनच लंगोट होते. मी विचारलं होतं, ओल्यात ठेवता का? पोर ओल्यात नव्हती. कोरडी होती. बुधवारपासून सांगत होती, सासूबाईंना. आणि त्या फटकळ बाईने, जी एरवी पोटात काही ठेवायची नाही, चार दिवस माझी बोलणी गिळून तोंड मिटून घेतलं. पोरीला शिकवलं की आता आईच्या कानात. रविवारची वाट बघितली, कारण रविवारी मी घरी असायचे.

मुंगीची आई कधी गेली, मला कळलं नाही. पुढच्या सोमवारी मुंगी नवी चड्डी घालून जिना चढली. फाटकापाशी थांबून मला हात केला आणि वर गेली. मी नीट बघितलंही नाही, डोळे कुठे कोरडे होते?

सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली. शेवटच्या वर्षी त्यांचं सगळं मीच केलं. घोट्यांच्या मध्ये बोट ठेवून, पुढून मागे. त्या तोंड फिरवून पडून राहायच्या आणि मी कर्तव्य म्हणून करायचे. एक शब्द गोड बोलले नाही. तेव्हा कळलं असतं, तर त्यांचा कान धरला असता आणि कानात सांगितलं असतं, आई, मला कळलं.