बायकोचा एकुलता एक पर्यटक

माझी बायको नूरझिदा रशियातल्या आमच्या काझान शहरात गाईड होती. आमचं लग्न झालं तेव्हाही होती आणि मी ट्राम चालवून निवृत्त झालो तेव्हाही होती. क्रेमलिन किल्ल्याचा पांढरा दरवाजा, सुयुंबिके राणीचा कललेला मनोरा, कुल शरीफ मशिदीचे निळे घुमट, काबान तळ्याकाठची जुनी तातार वस्ती, हे सगळं ती लोकांना हिंडून दाखवायची. आठवडाभर रशियनमध्ये आणि फक्त शनिवारी आमच्या तातार भाषेत. ही शनिवारची फेरी तिनेच हट्टाने सुरू केली होती आणि तिचा सगळा जीव त्या एका फेरीत होता.

मी मात्र कधी गेलो नव्हतो. ज्या शहरात जन्म काढला ते पुन्हा काय बघायचं?

मग तिची कंपनी मार्सेलने विकत घेतली. मार्सेल आमच्यातलाच, तातार. पण भाषा म्हणाल तर सणासुदीला ‘रहमत’ म्हणून आभार मानण्यापुरती. पोरगा वाईट नव्हता, हिशेबी होता. एक दिवस त्याने नूरझिदाला बोलावून सांगितलं, “आपा, शनिवारची फेरी बंद. चार म्हाताऱ्या येतात, आणि त्यांना रशियन येतंच की.”

“येतं. मग?”

“मग तीच गोष्ट दोन भाषांत कशाला सांगायची?”

“तीच नसते ती,” नूरझिदा म्हणाली.

“बंद म्हणजे बंद, आपा.”

ती घरी आली ती दार आपटतच. चहाचा पेला माझ्यापुढे ठेवत म्हणाली, “शनिवारी सकाळी तयार राहा.”

“कशाला?”

“फेरी आहे.”

“अगं, बंद झाली ना?”

“कंपनीची बंद झाली. माझी नाही.”

“आणि येणार कोण?”

“तुम्ही.”

मी हसलो. ती हसली नाही.

शनिवारी क्रेमलिनच्या दरवाज्यापाशी खरोखरच आम्ही दोघंच होतो. म्हाताऱ्यांना कंपनीने आधीच कळवून टाकलं होतं. नूरझिदा माझ्यापासून चांगली लांब जाऊन उभी राहिली, समोर बसभर माणसं असावीत तशी, आणि खड्या आवाजात सुरू झाली. येणारेजाणारे वळून बघायला लागले.

“हळू बोल गं, मी काही बहिरा नाही,” मी कुजबुजलो.

“मागच्यांना ऐकू जायला नको?”

“मागे कोणी नाहीये!”

“तुम्ही मागे बघू नका. इकडे लक्ष द्या.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. कोटाची कॉलर वर करून मी तिच्यामागून चालत राहिलो. सुयुंबिकेच्या मनोऱ्यापाशी आलो. झारशी लग्न करण्यापेक्षा राणीने इथून उडी टाकली, असं माझी आई सांगायची. नूरझिदा म्हणाली, “उडी टाकली असं लोक म्हणतात. उडी टाकायला तरी कुठे मिळाली बिचारीला! नावेत बसवून झारकडे नेली तिला, लहान पोरासकट. आपली सुयुंबिके गेली ती गेलीच.”

‘आपली’ हा शब्द तिने सावकाश उच्चारला. रशियन फेरीत सुयुंबिके नुसती ‘राणी’ असणार. मी कॉलर खाली केली.

तेवढ्यात मार्सेल आला. त्या दिवशी तो स्वतःच एक रशियन गट घेऊन हिंडत होता. त्याने आम्हाला पाहिलं आणि लोकांना सोडून तरातरा आमच्याकडे आला.

“आपा, हे काय चालवलंय? कंपनीचा बिल्ला लावून परस्पर फेऱ्या काढता?”

नूरझिदाने छातीवरचा बिल्ला काढून त्याच्या तळहातावर ठेवला. “हा घे. आता?”

“आता तरी काय? परवानगीशिवाय पर्यटक फिरवता येत नाहीत.”

“पर्यटक? हे माझे यजमान. मी माझ्या नवऱ्याशी आमच्या भाषेत बोलतेय. त्यावरही बंदी आली का रे?”

त्याच्या गटात खसखस पिकली. मार्सेल लाल झाला आणि माझ्याकडे वळला. “तलगत आबी, तुम्ही तरी समजवा. या वयात हा तमाशा शोभतो का? असंच करायचं असेल तर सोमवारपासून यायची गरज नाही म्हणावं.”

माझ्या निवृत्तिवेतनात काय भागतं ते मला माहीत होतं. तिचा दंड धरून घरी नेणं हेच शहाणपणाचं होतं. मार्सेल रशियनमध्ये बोलला होता. मी तातारमध्ये, ट्रामच्या दारातून ओरडायचो तितक्या जोरात विचारलं, “गाईडबाई, हा मनोरा वाकडा का हो?”

नूरझिदाने माझ्याकडे बघितलं. उत्तर खणखणीत आलं. “इतकी शतकं एका जागी उभं राहून दाखवा, मग तुमची कंबर बघू!”

मार्सेलला काही कळलं नाही. पण त्याच्या गटातली पिवळ्या रेनकोटातली एक बाई खदखदून हसली आणि हसता हसता तिने तोंडावर हात ठेवला. डोळे भरून आले होते.

“माझी आजी असंच बोलायची,” ती रशियनमध्ये म्हणाली. “मला वाटलं होतं, मी सगळं विसरले.” तिचं नाव तमारा, समारा शहरातून आली होती. ती सरळ येऊन माझ्या शेजारी उभी राहिली.

“मॅडम, आपला गट तिकडे आहे,” मार्सेल म्हणाला.

“असू दे.”

त्या दिवशी आम्ही तिघं जुन्या वस्तीतल्या मर्जानी मशिदीपर्यंत चालत गेलो. तमाराला तातार बोलता येत नव्हतं, नुसतं कळत होतं. तळ्याकाठी मी तिघांसाठी बटाटा-मांस भरलेले तिकोनी, गरम उचपुचमाक आणले. त्याचं नाव तमाराने तातारमध्ये म्हणून बघितलं, चुकली, नूरझिदाने तिच्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं.

सोमवारी नूरझिदा कामावर गेली नाही. पुढे महिन्याभराने मार्सेलचा फोन आला. चांगल्या गाईड मिळत नाहीत म्हणाला, परत या. “शनिवार देतोस?” तिने विचारलं. “ते सोडून बोला, आपा,” तो म्हणाला. तिने फोन ठेवला. आम्ही मांस कमी आणतो आणि मी एका गोदामावर राखणीला जातो.

फेरी चालू आहे. कधी त्या म्हाताऱ्या येतात, कधी कॉलेजची मुलं येतात, कधी मी एकटाच. आता मी फेरीत तिच्या गोष्टींवर वाद घालतो, तिला ते आवडत नाही आणि आवडतंही.

गेल्या शनिवारी बर्फाचा मारा चालला होता. दरवाज्यावरचा पहारेकरी म्हणाला, “आज काळं कुत्रंही येणार नाही, आपा. घरी जा.”

“तुझी पाळी संपली ना?” नूरझिदाने विचारलं.

“संपली.”

“मग चल. ऐक.”

त्याने टोपी कानांवर ओढली आणि आमच्याबरोबर मनोऱ्यापर्यंत आला.