न पडणारी भिंत

“भिंत पडणार नाही म्हणजे काय? मग शेवटी दोघा भावांनी करायचं काय, भिंतीला टेकून झोपायचं?”

भाऊ चिडला की असाच तोडून बोलायचा. दिवसभर गवंडीकाम, आणि उरल्या वेळात ताईच्या नाटकमंडळीचा सेट. ताईचं नवं नाटक दोन भावांचं. पहिल्या अंकात गुण्यागोविंदाने राहतात, दुसऱ्यात भांडून घराच्या मधोमध भिंत घालतात, आणि शेवटी ती भिंत कोसळते, दोघं समोरासमोर उभे. ताईच्या भावाने ती कापडाची आणि लाकडी पट्ट्यांची केली होती. दोरी ओढली की अशी पडायची, की तालमीत रोज बघणारेही दचकायचे.

पण नाटकाला हात दिला होता सिमेंट कंपनीने. हॉल त्यांचा, दिवे त्यांचे, आणि नाटक आवडलं तर वर्षभर तालमीला जागा. तोवर मंडळी एका गॅरेजमध्ये तालीम करायची, मालकाची गाडी आली की सगळे बाहेर. कंपनीत कलेचं बघणारा साहेब तालमीला आला, टाळ्या वाजवल्या आणि जाता जाता म्हणाला, सगळं छान, फक्त आमच्या नाटकात भिंत पडायला नको.

“एवढंच तर मागतोय तो,” ताई म्हणाली. “दार ठेव भिंतीला. उघडतील आणि भेटतील.”

“दार असतं तर भिंत कशाला घातली असती?”

“तुझ्या हट्टापायी मी परत गॅरेजमध्ये जाऊ? डोकं नको खाऊ. पडणार नाही अशी भिंत कर, बास.”

“बरं,” तो म्हणाला.

तो एका शब्दात ऐकतोय म्हटल्यावर ताईने तिथेच घाबरायला हवं होतं. पण ती आमंत्रणं वाटायला निघून गेली.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी सकाळी ती साहेबाला घेऊन हॉलवर आली. रंगमंचाच्या मधोमध पुरुषभर उंचीची भिंत. विटांची. कंपनीने कौतुकाने पाठवलेल्या सिमेंटात बांधलेली. भाऊ तिच्यावर पाणी मारत होता.

“हे काय?”

“पडणार नाही अशी भिंत.”

“अरे गाढवा, पहिल्या अंकात कुठे असते भिंत? अजून भांडणसुद्धा झालेलं नसतं.”

भावाच्या हातातला पाइप खाली आला. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याला साहेबाची जिरवायची होती, ताईच्या नाटकाचा विचका नव्हता करायचा.

साहेबाने भिंतीवर टिचकी मारली. “काम पक्कं आहे. हलवता येईल?”

“नाही.”

“उद्या आमचे मोठे साहेब येतायत.”

“फोडावी लागेल. ओली आहे, संध्याकाळपर्यंत होईल.”

“आणि मग?”

“कापडाची आहे विंगेत. पण ती पडते.”

साहेबाने रुमालाने मान पुसली. बराच वेळ पुसली. “पडू दे. मोठ्या साहेबांना सांगेन, ती आमच्या सिमेंटची नव्हती.”

“आणि तालमीच्या जागेचं?” ताईने विचारलं.

“ते उद्या बघून ठरेल.”

साहेब गेला. ताईने शिव्या घातल्या असत्या तर भावाला बरं वाटलं असतं. तिने नुसत्या बाह्या वर केल्या.

“घण कुठे आहे?”

“माझ्या मिस्त्रीकडे. तो कामावर जायच्या आत गाठायला पाहिजे. ताई, मला आता निघायला हवं.”